इनबोर्ड इंजिनात कोणतं ऑइल घालावं?

बोटीचं पेट्रोल इनबोर्ड इंजिन, म्हणजे बोटीच्या आत बसवलेलं इंजिन, उघडून पाहिलं तर बऱ्याचदा आत गाडीचाच ब्लॉक निघतो. जनरल मोटर्सचे व्ही-८ ब्लॉक मर्क्रूझर आणि व्होल्वो पेंटा या कंपन्यांनी वर्षानुवर्षं पाण्यावरच्या कामासाठी बदलून वापरले. डिझेलमध्येही ट्रक, ट्रॅक्टर आणि जनरेटरच्या इंजिनांची मरीन रूपं भरपूर आहेत. मग साहजिकच वाटतं, धातू तोच, पिस्टन तेच, तर गाडीतलं ऑइल इथे का चालू नये?

प्रश्न रास्त आहे. काही इंजिनांच्या बाबतीत, विशेषतः डिझेलच्या, ट्रकचं चांगलं ऑइल बोटीतही उत्तम चालतं. पण ते का चालतं आणि कुठे चालत नाही, हे कळायचं असेल तर बोटीतलं इंजिन दिवसभर काय सोसतं ते आधी पाहावं लागतं. ब्रँडचा प्रश्न त्यानंतरचा, आणि माझ्या मते सगळ्यात शेवटचा.

गाडीचं इंजिन वेग पकडेपर्यंतच जोर लावतं. सपाट रस्त्यावर एकदा लय सापडली की ते ताकदीचा लहानसा हिस्सा खर्च करतं. उतारावर आणि सिग्नलला तर विसावाच मिळतो. बोटीच्या नशिबी उतार नाही. गॅस कमी केला की पाणी लगेच तिला थांबवतं, त्यामुळे बोटीचं इंजिन म्हणजे भरलेला ट्रक घेऊन कधीच न संपणारा घाट चढणं. प्रोपेलरला लागणारी ताकद फेऱ्यांच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. कमाल फेऱ्यांच्या ८० टक्क्यांवर इंजिन जवळजवळ निम्मी ताकद देत असतं, ९० टक्क्यांवर सुमारे ७३ टक्के, आणि तेही सलग कित्येक तास. बेअरिंगवर आणि पिस्टनच्या रिंगांवर हा भार अखंड पडत राहतो. दोन धातूंच्या मध्ये ऑइलचा जो पातळ थर असतो, त्याला मध्येच उसंत मिळत नाही.

त्यात उष्णतेची भर. गाडीच्या ऑइल सम्पला, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याला, खालून वारा लागतो. बोटीत तोच सम्प बंद कप्प्यात, बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीच्या, वर अडकलेला असतो. ऑइल कूलर नसलेल्या इंजिनात लांब पल्ल्यावर ऑइल बरंच तापतं, आणि तापलेलं ऑइल पातळ होतं.

आता याच्या अगदी उलट त्रास. अनेक इनबोर्ड इंजिनं बाहेरचं पाणी थेट ब्लॉकमधून फिरवून थंड केली जातात. समुद्राचं पाणी जास्त तापलं की त्यातले क्षार आतल्या वाटांमध्ये जमू लागतात, म्हणून अशा इंजिनांचा थर्मोस्टॅट मुद्दाम कमी तापमानाचा, साधारण ६० अंश सेल्सियसच्या आसपासचा ठेवतात. हीट एक्स्चेंजर असलेल्या बंद प्रणालीत, जिथे ब्लॉकमधून कूलंट फिरतं आणि बाहेरचं पाणी फक्त त्या कूलंटला थंड करतं, तो ७० ते ८० अंशांचा असतो. म्हणजे थेट पाण्यावर चालणारं इंजिन हळू चालवलं किंवा थोडाच वेळ चालवलं तर पुरतं गरमच होत नाही. ज्वलनातून निघणारी वाफ ऑइलमध्ये पाणी होऊन उतरते, आणि ऑइल तापलं नाही तर ते पाणी उडून जात नाही. सिलिंडरच्या थंड भिंतींवरून न जळलेलं पेट्रोलही खाली झिरपतं आणि ऑइल पातळ करतं. अशा वेळी डिपस्टिकवरची पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर ‘इंजिन ऑइल खात नाही’ म्हणून समाधान मानू नका. ते ऑइल बदलायचं.

तिसरी गोष्ट म्हणजे पडून राहणं. गाडी रोज निघते, बोट कित्येक आठवडे जागेवर डोलत असते. दमट हवेत दिवसरात्रीच्या तापमानबदलाने इंजिनाच्या आत दव धरतं. सिलिंडरच्या भिंतींवरचं आणि कॅमवरचं ऑइल तोवर खाली निथळलेलं असतं. उघड्या पोलादाला गंज चढायला एवढं पुरतं.

सतत भार, कधी अति उष्णता तर कधी अपुरी, आणि ओलावा. डब्यावरची सगळी अक्षरं आणि आकडे या तीन गोष्टींना धरून वाचायचे.

आकडे काय सांगतात

१५डब्ल्यू-४० किंवा २५डब्ल्यू-४० हे आकडे एसएई या अमेरिकन अभियंता संस्थेच्या जे३०० या मानकातून येतात. दुसरा आकडा गरम ऑइलचा दाटपणा सांगतो. १०० अंश सेल्सियसला ऑइलचा दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक्सच्या दरम्यान असेल तर ते ४० ग्रेडचं, ९.३ ते १२.५ असेल तर ३० चं, आणि १६.३ ते २१.९ असेल तर ५० चं. ‘डब्ल्यू’आधीचा आकडा थंडीतली वागणूक सांगतो. १५डब्ल्यूची इंजिन सुरू करण्याची चाचणी उणे २० अंशांना होते, १०डब्ल्यूची उणे २५ ला, ५डब्ल्यूची उणे ३० ला, २५डब्ल्यूची उणे १० ला. हा आकडा जितका लहान, तितकं ऑइल कडाक्याच्या थंडीत लवकर वाहतं.

इथे एक गैरसमज घट्ट रुजलेला आहे. १५डब्ल्यू-४० म्हणजे थंड असताना पातळ आणि तापल्यावर दाट होणारं ऑइल, असं पुष्कळांना वाटतं. असं कुठलंही ऑइल होत नाही. तापलं की प्रत्येक ऑइल पातळच होतं. साधारण १५डब्ल्यू-४० ऑइल १०० अंशांना जितकं दाट असतं, त्याच्या सुमारे सातपट दाट ते ४० अंशांना असतं. मल्टिग्रेड ऑइलमध्ये फरक इतकाच की हे पातळ होणं थोडं आवरलेलं असतं, आणि ते आवरण्यासाठी त्यात पॉलिमर मिसळलेले असतात.

बोटीच्या दृष्टीने हा पॉलिमरचा मुद्दा महत्त्वाचा आहे. सततच्या भाराखाली बेअरिंगच्या चिंचोळ्या फटीतून ऑइल दाबलं जाताना हे लांब रेणू हळूहळू तुटतात, आणि ४० ग्रेडचं म्हणून घातलेलं ऑइल कालांतराने ३० च्या जवळ येऊ शकतं. दोन आकड्यांमधलं अंतर जितकं मोठं, तितके साध्या खनिज ऑइलमध्ये पॉलिमर जास्त. मर्क्रूझरच्या पेट्रोल इंजिनांसाठी २५डब्ल्यू-४० हा गाड्यांमध्ये सहसा न दिसणारा ग्रेड वर्षानुवर्षं सुचवला गेला, तो यामुळे समजतो. बोट सहसा बर्फात सुरू करायची नसते, म्हणून पहिला आकडा मोठा ठेवता येतो, पॉलिमर कमी लागतात आणि तापलेला थर टिकून राहतो. उलट, इंधन वाचवण्यासाठी बनवलेलं ०डब्ल्यू-२० सारखं आजच्या गाडीचं ऑइल ४० ग्रेड मागणाऱ्या इनबोर्डमध्ये घालणं म्हणजे बेअरिंगचं संरक्षण हाताने काढून घेणं आहे.

‘जितकं दाट तितकं चांगलं’ हेही खरं नाही. गरजेपेक्षा दाट ऑइल सुरुवातीच्या काही सेकंदांत वरच्या कॅम आणि टॅपेटपर्यंत उशिरा पोचतं. गेजवरचा दाब मात्र छान दिसतो, आणि तिथेच फसगत होते. दाब जास्त म्हणजे ऑइलचा प्रवाह जास्त असं नाही. दाट ऑइल पुढे सरकायला त्रास देतं म्हणूनही गेजचा काटा वर जातो.

‘मरीन’ या एका शब्दावर जाऊ नका

डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘मरीन’ छापलेलं असलं तरी ते किमान तीन अगदी वेगळ्या वस्तूंपैकी काहीही असू शकतं. पहिली म्हणजे टू-स्ट्रोक आउटबोर्डमध्ये, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर लावलेल्या इंजिनात, पेट्रोलबरोबर जाळायचं ऑइल, त्यावर टीसी-डब्ल्यू३ असं लिहिलेलं असतं. ते जळून जाण्यासाठी बनवलेलं आहे. फोर-स्ट्रोक इनबोर्डच्या सम्पमध्ये ते कधीही घालू नये. दुसरी म्हणजे जड इंधनावर चालणाऱ्या जहाजांच्या इंजिनांचं ऑइल. त्यात आम्ल मारणारी रसायनं लहान इंजिनाच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतात आणि त्यांची राख पिस्टनवर व व्हॉल्व्हवर साचते. बंदरात असं ऑइल सुट्या ड्रममधून स्वस्तात मिळालं तरी छोट्या बोटीसाठी ते घेऊ नका. तिसरी वस्तू आपल्या कामाची.

पेट्रोल इनबोर्डसाठी शोधायची खूण एफसी-डब्ल्यू ही आहे. अमेरिकेतल्या नॅशनल मरीन मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनचं हे प्रमाणपत्र पाण्याने थंड होणाऱ्या फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिनांच्या ऑइलसाठी आहे. त्यात ऑइल गंजापासून किती वाचवतं, भाराखाली दाटपणा टिकतो का, फेस होतो का, पाणी मिसळल्यावर फिल्टर तुंबतो का, हे तपासलं जातं. वर सांगितलेल्या बोटीच्या त्रासांशी हे ताडून पाहा, जवळजवळ प्रत्येकावर एक चाचणी सापडेल. गाडीच्या ऑइललाही गंजाची आणि फेसाची चाचणी असते, पण महिनोन्‌महिने दमट हवेत पडून राहणारं इंजिन डोळ्यांसमोर ठेवून ती बेतलेली नसते. म्हणून पेट्रोल इनबोर्डसाठी एफसी-डब्ल्यू ऑइलवर थोडे पैसे जास्त खर्च करणं मला योग्य वाटतं. ते न मिळाल्यास मॅन्युअलमध्ये बहुधा पर्यायी ग्रेड दिलेला असतो, तोच घ्यावा, अंदाजाने दुसरा नको.

अमेरिकेत २०१० च्या मॉडेलपासून नव्या इनबोर्ड पेट्रोल इंजिनांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर येऊ लागले. अशा इंजिनासाठी एफसी-डब्ल्यूचाच ‘कॅटॅलिस्टला चालणारा’ प्रकार आहे, कारण ऑइलमधला फॉस्फरस कन्व्हर्टर निकामी करतो. जुन्या इंजिनाची गरज नेमकी उलटी. सपाट टॅपेट थेट कॅमवर घासत चालतात तिथे झिंक आणि फॉस्फरसचं संयुगच धातूला वाचवतं. गाड्यांच्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसपी दर्जाच्या ३० आणि त्याहून पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरस ०.०८ टक्क्यांवर रोखलेला आहे; ४० आणि ५० च्या ग्रेडला ही मर्यादा सहसा लागू होत नाही. एकसारख्या दिसणाऱ्या दोन इंजिनांना दोन वेगळी ऑइलं का लागतात, ते यावरून कळेल.

डिझेलचं गणित वेगळं

डिझेल इनबोर्डमध्ये ऑइलला काजळी सांभाळावी लागते. ज्वलनातून आलेले कार्बनचे कण एकमेकांना चिकटून गाळ होऊ नये म्हणून ऑइलमधली रसायनं त्यांना सुटं धरून ठेवतात. डिझेलचं ऑइल बदलल्यावर काही तासांतच काळं दिसतं ते यामुळेच. तो काळेपणा म्हणजे ऑइल काम करतंय याची खूण, खराबीची नव्हे.

इथे एपीआयची ‘सी’ने सुरू होणारी अक्षरं पाहायची: सीएच-४, सीआय-४, सीजे-४, सीके-४. अक्षर पुढचं तितका दर्जा नवा, आणि सहसा नवा दर्जा जुन्या इंजिनाला चालतो. याला एक मोठा अपवाद आहे. एफए-४ हा ट्रकच्या नव्या इंजिनांसाठी मुद्दाम पातळ केलेला दर्जा आहे. तो सीके-४ बरोबर एकाच वेळी आला म्हणून त्याची जागा घेत नाही. इंजिन बनवणाऱ्याने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय बोटीत तो नको.

फोर-स्ट्रोक मरीन डिझेलच्या मॅन्युअलमध्ये १५डब्ल्यू-४० हा ग्रेड वारंवार दिसतो, आणि ट्रकसाठी विकलं जाणारं चांगल्या कंपनीचं ऑइल या कामाला पुरेसं असतं. ट्रकचं इंजिनही मोठा भार तासन्‌तास ओढतं, म्हणून त्याच्या ऑइलची ठेवणच तशी असते. पण टू-स्ट्रोक डिझेल असेल, म्हणजे डेट्रॉइट डिझेल कंपनीची जुनी ७१ किंवा ९२ मालिका, तर मल्टिग्रेडच्या वाटेला जाऊ नका. त्यांना कमी राखेचं सीएफ-२ दर्जाचं एकाच ग्रेडचं एसएई ४० लागतं.

डिझेलच्या बाबतीत बेस नंबर समजून घेतलाच पाहिजे. इंधनातलं गंधक जळून आम्ल तयार होतं, आणि ऑइलमधला अल्कधर्मी साठा ते मारतो. एका ग्रॅम ऑइलमध्ये हा साठा किती, ते पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या मिलीग्रॅममध्ये सांगतात. नव्या ट्रक-दर्जाच्या ऑइलमध्ये तो साधारण १० च्या आसपास असतो, आणि निम्म्यावर आला की ऑइल बदलायची वेळ झाली असं धरतात. गंधक अगदी कमी असलेलं डिझेल मिळत असेल तर याची फार काळजी नको. जास्त गंधकाचं डिझेल भरावं लागत असेल तर सीके-४ पेक्षा जास्त बेस नंबरचं सीआय-४ बरं पडू शकतं, कारण नव्या दर्जात धूर गाळणाऱ्या फिल्टरला जपण्यासाठी राखेवर १ टक्क्याची मर्यादा घातली आहे, आणि तसा फिल्टर बहुतेक छोट्या बोटींवर नसतोच.

सिंथेटिकचा मोह

सिंथेटिक ऑइल उष्णतेत लवकर जळकट होत नाही, थंडीत चटकन वाहतं. टर्बो असलेल्या डिझेलमध्ये टर्बोच्या तापलेल्या बेअरिंगमध्ये ऑइल करपू नये म्हणून ते खरंच उपयोगी आहे. पण ‘सिंथेटिक आहे, दुप्पट तास चालेल’ हा हिशोब बोटीत जमत नाही. बोटीचं ऑइल आधी बिघडतं ते ओलाव्याने, इंधनाने आणि आम्लाने, आणि या तिन्हींपुढे सिंथेटिकही तितकंच हतबल आहे. वर्षातून मोजके तास चालणाऱ्या, थेट पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात साधं योग्य ऑइल वेळेवर बदलणं मी महागड्या ऑइलपेक्षा केव्हाही पसंत करेन. नव्या किंवा नव्याने बांधलेल्या इंजिनात, रिंगा बसेपर्यंत, बनवणाऱ्याने सांगितलेलंच ऑइल घाला.

किती घालायचं आणि कधी काढायचं

इनबोर्ड इंजिन बहुतेकदा मागे झुकवून बसवलेलं असतं, त्यामुळे सम्पमधलं ऑइल एका बाजूला जमतं. डिपस्टिकवरच्या खुणा त्या कलाला धरून केलेल्या आहेत याची एकदा खात्री करून घ्या. पातळी बोट पाण्यावर स्थिर असताना पाहायची, ट्रेलरवर नाही. मॅन्युअलमध्ये दिलेलं माप थोडं कमी घालून, इंजिन काही मिनिटं चालवून, बंद करून, ऑइल खाली उतरल्यावर मग उरलेलं भरा. जास्त भरलं तर फिरता क्रँक ऑइलवर आपटतो, फेस होतो, आणि फेसातली हवा बेअरिंगला आधार देऊ शकत नाही.

फिल्टरचा आटा जुळला म्हणून फिल्टर जुळला असं होत नाही. आतल्या बायपास व्हॉल्व्हचा दाब वेगळा असू शकतो, आणि मरीन फिल्टरचा बाहेरचा डबा खाऱ्या हवेत टिकावा असा केलेला असतो. गिअरबॉक्सचं ऑइल स्वतंत्र असतं. काहींना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) लागतं, काहींना एकाच ग्रेडचं इंजिन ऑइल, आणि यात अदलाबदल केली की क्लच घसरू लागतो. तिथे फक्त गिअरबॉक्सच्या पाटीवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच घालायचं.

पेट्रोल इनबोर्डसाठी १०० तास किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, हा सर्वसाधारण प्रघात आहे. डिझेलसाठी इंजिनाप्रमाणे १०० ते २५० तास. नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल बहुधा २० ते ५० तासांत काढतात. पण बोटीचा हंगाम संपणार असेल तर ऑइल बोट ठेवण्याआधी बदला, पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला नाही. जुन्या ऑइलमध्ये साठलेलं आम्ल आणि पाणी कित्येक महिने बेअरिंगला लागून राहू देणं हे ठेवलेल्या इंजिनाचं मोठं नुकसान आहे. नवं ऑइल घालून थोडा वेळ इंजिन चालवा, म्हणजे ते सगळीकडे फिरेल. बोटीत सम्पखाली भांडं ठेवायला जागा नसते, म्हणून डिपस्टिकच्या नळीतून पंपाने ऑइल ओढतात. ते गरम असतानाच काढा, तर गाळही बरोबर येतो. बिल्जमध्ये एक थेंबही सांडू न देता सगळं बंद डब्यात भरून वापरलेलं ऑइल घेणाऱ्या केंद्रावर द्या.

काढलेलं ऑइल दुधी किंवा चहासारखं दिसलं तर ऑइलची निवड वगैरे सगळं बाजूला ठेवा. पाणी हेड गॅस्केटमधून, ऑइल कूलरमधून किंवा गंजलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधून आत येतंय, आणि ते कुठून येतंय ते सापडेपर्यंत नवं ऑइल घालून काही होणार नाही. सिलिंडरमध्ये पाणी असण्याची शंका असेल तर स्टार्टरही मारू नका, कारण पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

दुधी दिसण्याच्या आधीच हे पकडता येतं. ऑइल बदलताना छोटी बाटली भरून प्रयोगशाळेत तपासायला द्या आणि अहवाल जपून ठेवा. एक अहवाल फारसं काही सांगत नाही, तीन-चार ओळीने लावले की दिशा दिसते. लोह आणि तांबं चढत गेलं तर कुठेतरी झीज होतेय. सोडियम आणि मॅग्नेशियम दोन्ही एकदम वाढले तर समुद्राच्या पाण्याचा संशय घ्यायचा. सोडियम किंवा पोटॅशियम वाढलं पण मॅग्नेशियम जागेवर असेल तर कूलंटची गळती पाहायची. ऑइलमध्ये मुळातच मॅग्नेशियम असू शकतं, म्हणून त्याच डब्यातल्या नव्या ऑइलचा एक नमुनाही पहिल्या वेळी सोबत पाठवा, नाहीतर तुलना कशाशी करायची तेच कळणार नाही.